शंभर शब्दांत दहा अडले, तर पुस्तक मिटा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, बी.ए.ला इतिहास होता. पतसंस्थेत नोकरी करते, कामापुरतं इंग्रजी येतं. इंग्रजी साहित्य आणि इतिहास मुळातून वाचावा अशी फार इच्छा आहे. कादंबरी झेपणार नाही म्हणून छोटं वाचन निवडलं: बेकनचे निबंध आणि लँब भावंडांनी सांगितलेल्या शेक्सपिअरच्या गोष्टी. अडलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिते. वीस दिवसांत सहा पानं झाली आणि आज त्यातलं काही आठवत नाही. रोज रात्री अर्धा तास मिळतो. मी कमी पडते आहे की पद्धत चुकते आहे? काय वाचू आणि कसं?"

ताई, तुम्ही कमी पडत नाही आहात. निवड चुकली आहे आणि पेन्सिल चुकीच्या जागी चालते आहे. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे.

छोटं ते सोपं, हा समज बहुतेकांचा असतो. बेकनचा अभ्यासावरचा निबंध पाचेकशे शब्दांचा आहे, पण त्यातल्या एकेका वाक्यात परिच्छेदाचा ऐवज कोंबलेला आहे. आपल्याकडची सूत्रं आठवा. ती लहान असतात, म्हणूनच त्यांना भाष्य लागतं. बेकनचे पहिले निबंध 1597 साली छापले गेले. ते वाचायला चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी तर यावं लागतंच, शिवाय लेखकाने गाळलेले दुवे मनात जोडावे लागतात. पहिल्या वर्षाचं हे वाचन नव्हे.

लँब भावंडांचं पुस्तक मुलांसाठी म्हणून 1807 साली निघालं, त्यामुळे तुम्ही ते सोपं समजलात यात नवल नाही. पण शेक्सपिअरनंतर इंग्रजीत आलेले शब्द होता होईल तो टाळले आहेत, असं लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितलं आहे. म्हणजे पुस्तक 1807 चं, पण त्यातली शब्दकळा मुद्दाम दोनशे वर्षं मागे नेलेली. वाक्यंही लांबलचक. तुम्ही अडखळलात ते याच्यामुळे. पुस्तक फेकू नका, वर्षभर कपाटात ठेवा.

आता निवड कशी करायची ते. उतारा हातात आला की मधूनच शंभर शब्द मोजा. सुरुवातीचे घेऊ नका, कारण सुरुवातीला नावं आणि गावं जास्त असतात. या शंभरांत अजिबात न कळणारे शब्द किती ते पाहा. दोन किंवा कमी असतील, तर तो उतारा कोशाशिवाय वाचता येईल. पाचापर्यंत असतील, तर कोश जवळ ठेवून वाचता येईल आणि त्यातून शिकणंही होईल. सहा ते नऊ असतील आणि विषयाची फार ओढ असेल, तर एखाद्या पानापुरतं चालेल. दहा अडले, तर मिटा. हा आकडा हवेतला नाही. मजकुरातले साधारण 95 ते 98 टक्के शब्द माहीत असले तरच उरलेल्यांचा अर्थ संदर्भाने लागतो, असं वाचन आणि शब्दसंग्रह यांवरच्या संशोधनात आढळलेलं आहे. त्याखाली गेलं की वाचन थांबतं आणि कोशाची पानं उलटणं सुरू होतं. तुमचं वीस दिवस तेच झालं.

दुसरं माप पूर्णविरामांचं. दोनशे शब्दांत दहाच्या आसपास पूर्णविराम असतील, तर वाक्य सरासरी वीस शब्दांचं आहे, ते पेलतं. चार-पाचच दिसले, तर शब्द ओळखीचे असूनही तुम्ही वाक्याच्या मध्यावर वाट चुकाल. याचं कारण मराठीत आहे. आपण "काल ज्या बाई आल्या होत्या त्या" असं वर्णन आधी लावतो आणि क्रियापद शेवटाला ठेवतो. इंग्रजी वाक्य क्रियापद लवकर देऊन टाकतं आणि वर्णनाची शेपटी नामाच्या मागे लावत जातं. मराठी मन शेवटच्या क्रियापदाची वाट पाहत राहतं आणि ते केव्हाच येऊन गेलेलं असतं. म्हणून लांब वाक्य आलं की आधी मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारा, मग त्याचा कर्ता शोधा. जिथे जिथे 'विच', 'हू', 'दॅट', 'बट' किंवा अर्धविराम असेल तिथे तिरकी रेघ द्या. आता एकेक तुकडा सुटा वाचा. चाळीस शब्दांच्या वाक्याचे पाच तुकडे झाले की ते पाच सोपी वाक्यं होतात.

पहिले सहा आठवडे मूळ ग्रंथ वाचू नका. शिकणाऱ्यांसाठी मर्यादित शब्दांत नव्याने लिहिलेली छोटी पुस्तकं मिळतात, त्यांना ग्रेडेड रीडर म्हणतात. या प्रकाराची एक मोठी सुरुवात आपल्याच उपखंडात झाली: मायकेल वेस्ट या शिक्षकाने 1920 च्या दशकात ढाक्यात मुलांसाठी अशी वाचनमाला रचली. पुढे 1953 साली त्याने सुमारे 2000 अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आजच्या अशा पुस्तकांच्या मलपृष्ठावर 'हेडवर्ड्स' असा आकडा असतो. 'गो', 'गोज', 'वेंट' मिळून एक हेडवर्ड धरतात. तुम्ही 1000 च्या आसपासच्या आकड्यापासून सुरू करा. सोपं वाटलं तर वाटू द्या. कोशाला हात न लावता आठवड्याला एक पुस्तक संपवणं हेच या दिवसांतलं काम.

त्यानंतर मूळ लेखन. तुम्ही इतिहासाच्या आहात, म्हणून कथांच्या आधी डायऱ्या घ्या. डायरी लिहिणारा स्वतःसाठी लिहितो, त्यामुळे सजावट कमी. नोंदीला तारीख असते, त्यामुळे कधी-कुठे हा प्रश्न उरत नाही. आणि नोंद जिथे संपते तिथे थांबता येतं.

पहिली डायरी कॅप्टन स्कॉटची घ्या. दक्षिण ध्रुवावर स्कॉट आणि त्याचे चार साथीदार 17 जानेवारी 1912 रोजी पोचले. नॉर्वेचा आमुंडसेन तिथे महिनाभर आधीच, 14 डिसेंबर 1911 रोजी, पोचलेला होता. परतीच्या वाटेवर पाचही जण दगावले. स्कॉटची शेवटची नोंद 29 मार्चची आहे. ती शंभरेक शब्दांची आहे आणि शाळेतल्या मुलाला येतील इतक्या साध्या शब्दांत आहे. अन्नाचा साठा अकरा मैलांवर आहे, रोज निघायची तयारी आहे, पण तंबूच्या दाराबाहेर वादळ घोंगावतं आहे. तिथे मैल भौगोलिक धरायचे. अकरा मैल म्हणजे सुमारे 20 किलोमीटर. या डायरीत वाक्यं पुष्कळदा कर्त्याशिवाय सुरू होतात. इंग्रजी व्याकरण घोकलेल्याला ते खटकतं, पण मराठी माणसाला ते घरचंच आहे. "आज निघालो, वारा फार" असं आपण रोज बोलतो. फक्त ही सवय स्वतःच्या इंग्रजी पत्रात नेऊ नका, ती डायरीपुरतीच चालते. आकडेही नीट पाहा. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, म्हणून उणे 40 सोडलं तर कुठलाच आकडा सेल्सिअसशी जुळणार नाही.

दुसरी डायरी सॅम्युएल पीप्सची, आणि तिच्यावर वेळ घालवावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पीप्स हा इंग्लंडच्या आरमाराच्या कचेरीतला अधिकारी. जानेवारी 1660 ते मे 1669 अशी साडेनऊ वर्षं त्याने लघुलिपीत डायरी लिहिली. ती उलगडून 1825 मध्ये पहिल्यांदा छापली गेली. लिखाण लघुलिपीत असल्यामुळे एकेक आवृत्तीतलं स्पेलिंग थोडं वेगळं दिसतं, त्याने गोंधळू नका.

त्यातली 2 सप्टेंबर 1666 ची नोंद काढा. लंडनच्या भीषण आगीचा हा पहिला दिवस. नोंद बरीच लांब आहे, तुम्ही फक्त पहिले अडीचशे शब्द घ्या. पार्श्वभूमी इतकी पुरे: पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत मध्यरात्रीनंतर आग लागली, उन्हाळा कोरडा गेला होता, पूर्वेचा वारा सुटला होता, घरं लाकडी आणि एकमेकांना चिकटलेली. चार-पाच दिवसांत सुमारे 13,200 घरं, 87 चर्च आणि सेंट पॉलचं जुनं कॅथेड्रल जळून गेलं. तुमच्या इतिहासाशी सांधा हवा असेल तर हा घ्या: शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते 1666 च्या ऑगस्टमध्ये. लंडन पेटलं तेव्हा महाराजांच्या सुटकेला काही आठवडेच झाले होते.

नोंद सुरू होते ती "प्रभूचा दिवस" अशा अर्थाच्या शब्दांनी, म्हणजे रविवार. मोलकरणी रात्री उशिरापर्यंत जागून मेजवानीची तयारी करत होत्या. तिथे 'अगेन्स्ट अवर फीस्ट' असे शब्द आहेत. तुमच्या ओळखीचा 'अगेन्स्ट' म्हणजे विरुद्ध, पण इथे अर्थ मेजवानी'साठी', तिच्या तयारीत. शब्दावर बोट ठेवून अर्थ दाखवणारं मोबाइलचं भाषांतर नेमकं इथे फसतं. पहाटे तीनच्या सुमाराला जेन नावाची मोलकरीण आगीची खबर देते. पुढचा 'रोझ' म्हणजे उठलो, गुलाब नव्हे. 'नाइटगाउन' म्हणजे झोपायचा झगा नाही, घरात अंगावर टाकायचा सैल अंगरखा. 'द सिटी' असं मोठ्या अक्षराने लिहिलं की सबंध लंडन समजू नका. तटबंदीतलं जुनं शहर एवढाच त्याचा अर्थ. आग लांब आहे असं वाटून पीप्स पुन्हा झोपतो. सातला उठतो. मग 'बाय अँड बाय', म्हणजे थोड्या वेळाने, जेन येऊन सांगते की तीनशेहून अधिक घरं जळाली. तिच्या बोलण्यात 'टुनाइट' आहे. सकाळी सांगितलेला 'टुनाइट' म्हणजे सरलेली रात्र. क्रियापदंही भूतकाळातून एकदम वर्तमानात येतात. ते चूक म्हणून लिहिलेलं नाही. आपणही किस्सा सांगताना "मी गेलो, तर तो येतो आणि म्हणतो" असंच बोलतो.

एवढ्या तुकड्यात अडणारे शब्द आठ-दहाच आहेत, आणि ते अवघड नसून ओळखीच्या चेहऱ्याचे आहेत. जुन्या वाचनात खरा धोका याच शब्दांचा. अनोळखी शब्द निदान थांबवतो, ओळखीचा शब्द चुकीचा अर्थ देऊन पुढे जाऊ देतो. असे काही ध्यानात ठेवा. 'वाँट' जुन्या लेखनात बहुधा "उणीव असणे". 'मीट' (एरवी मांस) म्हणजे कुठलंही अन्न. 'लेट'चा (एरवी होऊ देणे) एक जुना अर्थ अडवणे. 'कॉर्न' ब्रिटिश इतिहासात मका नव्हे, धान्य, विशेषतः गहू. 1815 ते 1846 या काळातले 'कॉर्न लॉज', म्हणजे धान्याच्या आयातीवरचे कायदे, वाचताना मक्याची कणसं डोळ्यांसमोर आणली तर सगळं प्रकरणच निसटेल. पीप्सच्या त्याच नोंदीत पुढे लॉर्ड मेयर, म्हणजे लंडनचा महापौर, हताश होऊन म्हणतो की आपण 'स्पेंट' झालो आहोत. तिथे खर्चाचा संबंध नाही, तो पार थकला आहे. तसंच त्या नोंदीत घरटी सोडवत नाहीत म्हणून खिडक्यांभोवती घिरट्या घालणारी आणि पंख होरपळून पडणारी कबुतरं आहेत. ती दोन-तीन ओळींची जागा शोधून वाचाच.

तारखांचंही सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग होतं. सतराव्या शतकात ते नव्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होतं, आणि सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारीच्या कागदावर 1665/6 असं दुहेरी साल दिसलं तर ती छपाईची चूक नाही. मराठी आणि इंग्रजी साधनांतल्या तारखा ताडून पाहताना याचा उपयोग होईल.

पीप्स आवडला तर 15 मे 1663 ची नोंद शोधा. मुंबई बेट ताब्यात देण्यावरून पोर्तुगिजांनी इंग्रजांना फसवलं, अशी कुरकुर त्यात आहे. इंग्लंडच्या राजाला लग्नाच्या करारात 1661 साली मिळालेलं हे बेट प्रत्यक्ष हाती येईना, असा सूर आहे. मुंबईबद्दलचा तो तुकडा अगदी लहान आहे. पोर्तुगिजांचं नाव तिथे जुन्या ढंगाने 'पोर्टुगल्स' असं येतं.

आता अर्ध्या तासाचं. एक उतारा, दोनशे ते तीनशे शब्दांचा, चार रात्री. रोज नवा घेऊ नका.

पहिल्या रात्री पाच मिनिटं मराठीतूनच पार्श्वभूमी वाचा: कोण, कधी, कुठे, नकाशा. मग पेन्सिल बाजूला ठेवून उतारा सलग दोनदा वाचा. अडलं तरी पुढे जा. शेवटी मराठीत दोन ओळी लिहा: कोण काय करतं आहे. चुकल्या तरी खोडू नका, चौथ्या रात्री त्या पाहायच्या आहेत.

दुसऱ्या रात्री ऐका. लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर 2005 पासून स्वयंसेवकांनी वाचलेली स्वामित्वमुक्त पुस्तकं फुकट ऐकता येतात. वाचायचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतो. वेग पाऊणपट करा आणि ओळीवर बोट ठेवून ऐका. वाचणारा कुठे थांबतो तिथे तिरकी रेघ मारा. वाक्याचे सांधे कानाला डोळ्यांआधी कळतात.

तिसरी रात्र कोशाची. जास्तीत जास्त आठ शब्द. निवडायचे ते असे: ज्याच्यावाचून वाक्य कळतच नाही, किंवा जो दोनदा आला आहे. उरलेले सोडून द्या, खरंच सोडून द्या. वहीत सुटा शब्द आणि अर्थ लिहू नका, शब्द ज्या जोडीने आला ती जोडी लिहा. 'पुल' म्हणजे ओढणे, हे लिहून आग पुढे सरकू नये म्हणून घरं पाडणं कळत नाही. 'पुल डाउन हाउसेस' असं लिहिलं की कळतं आणि पुढे वापरताही येतं.

चौथ्या रात्री पान मिटून सहा-सात इंग्रजी वाक्यांत घटना लिहा, तुमच्या आजच्या इंग्रजीत. पीप्सची वळणं उचलू नका. मग पान उघडून ताडा. राहून गेलेल्या गोष्टींपेक्षा काळांच्या चुका आधी पाहा. एका आठवड्याने तोच उतारा पुन्हा वाचा. पाच मिनिटांत, न थांबता वाचून झाला तर तो तुमचा झाला.

तुमच्या पेन्सिलीविषयी. शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहिला की दुसऱ्या वाचनात डोळा इंग्रजी शब्दाकडे जातच नाही, थेट मराठीवर बसतो. सहा पानं "वाचून" काही आठवत नाही, कारण तुम्ही इंग्रजी वाचलंच नाही, स्वतःची टिपणं वाचलीत. ते अर्थ खोडरबराने पुसून टाका. मराठीचा आधार घेणं मुळीच गैर नाही. फक्त तो शेजारी असावा, डोक्यावर नाही. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ने, 6 जानेवारी 1832 पासून, हेच केलं होतं: एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. वहीच्या उजव्या पानावर इंग्रजी उतारा आणि डाव्या पानावर तुमचं मराठी टिपण ठेवा, आणि वाचताना डावं पान झाका.

डायऱ्यांनंतर गोष्ट. ऑस्कर वाइल्डची स्वार्थी राक्षसाची गोष्ट 1888 सालची आहे, साधारण सोळाशे शब्दांची. वाक्यं 'अँड'ने जोडलेली, घटना एकामागून एक. चार तुकडे पाडा. शेवटी राक्षस एका बालकाशी बोलताना 'दाऊ'-'दी'ची भाषा वापरतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट मराठी वाचकाला आजच्या इंग्रजांपेक्षा ते लवकर कळावं. 'दाऊ' म्हणजे तू, 'दी' म्हणजे तुला, 'दाय' म्हणजे तुझा. आपण विठ्ठलाला 'तू'च म्हणतो, तशी ही जवळिकीची आणि भक्तीची भाषा. सोबतच्या क्रियापदांना 'स्ट' आणि तृतीयपुरुषी 'थ' लागतो, एवढंच नवीन.

लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण मात्र शेवटी ठेवा. 19 नोव्हेंबर 1863 चं हे भाषण सुमारे 272 शब्दांचं आणि अवघ्या दहा वाक्यांचं आहे, म्हणून पाठ्यपुस्तकवाले ते लवकर पुढ्यात टाकतात. पण शेवटचं एकच वाक्य ऐंशीहून अधिक शब्दांचं आहे. पहिल्याच ओळीत चार 'स्कोअर' आणि सात वर्षं येतात. स्कोअर म्हणजे वीस, आपली कोडी. गावाकडे अजूनही "चार विसा सात" म्हणणारं कोणी भेटेल. 80 आणि 7 मिळून 87; 1863 मधून वजा करा, 1776 येतं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. मग 'डेडिकेट' या शब्दावर पेन्सिल फिरवा. तो सहा वेळा येतो आणि त्याचा अर्थ सरकत जातो: आधी तत्त्वाला वाहिलेलं राष्ट्र, मग रणात पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीचं अर्पण, शेवटी जिवंत माणसांनी स्वतःला कामाला वाहून घेणं. भाषण कळलं की नाही ते या एका शब्दावरून कळतं. मराठीत सहाही जागी एकच शब्द बसतो का ते करून पाहा, एक रात्र त्यात आनंदाने जाईल. दोन ठिकाणच्या छापील मजकुरांत एखादा शब्द कमी-जास्त दिसेल. लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती उपलब्ध आहेत आणि त्या तंतोतंत सारख्या नाहीत.

विकत घेताना एक पाहा. मुखपृष्ठावर 'रिटोल्ड', 'अब्रिज्ड' किंवा 'सिम्प्लिफाइड' असेल तर ते मूळ लेखन नव्हे. पहिल्या सहा आठवड्यांत तेच हवं, नंतर नको. परीक्षेच्या गाइडातले उतारे घेऊ नका. त्यांच्यावरची तारीख, नोंदीचं डोकं आणि शेवट कापलेले असतात, आणि प्रश्नांसाठी मधलाच तुकडा उचललेला असतो.

येत्या रविवारी बाजारातून हजारेक हेडवर्ड्सचं एक पुस्तक आणा. बेकन कपाटात वरच्या फळीवर ठेवा. सातव्या आठवड्यात स्कॉटची 29 मार्चची नोंद उघडाल, तेव्हा चौथ्या रात्री लिहिलेली तुमची सहा-सात इंग्रजी वाक्यं आम्हाला पाठवा. काळांच्या चुका आम्ही तपासून देऊ.